समुद्र गेला, गादी राहिली
(कोकण किनारा आणि संस्थानी राज्ये : १७५५ ते १९४९)



आजच्या विषयाचा आरंभ मी एका लहान नदीपासून करणार आहे. मुचकुंदी नदी आपल्या सर्वांच्या परिचयाची. लांजे तालुक्यात माचाळच्या डोंगरात तिचा उगम होतो आणि पूर्णगडाच्या पायथ्याशी ती समुद्रास मिळते. माचाळच्या समोरच विशाळगड उभा आहे. इंग्रजी अमदानीत त्या गडाभोवतीचा मुलूख विशाळगडच्या प्रतिनिधींचा, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या एका जहागिरीचा होता. आणि नदीच्या मुखावरचा पूर्णगड मात्र इंग्रज सरकारच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. जुन्या भाषेत बोलावयाचे तर उगमाशेजारी संस्थान आणि मुखाशी खालसा. एक माणूस पावसाळ्यानंतर डोंगर उतरून एक-दोन दिवसांत बंदरावर येई, आणि तेवढ्या वाटेत त्याचा राजा बदलत असे.

ही विभागणी कोणी केली, का केली, आणि तिच्यामुळे राजाचे काय झाले व प्रजेचे काय झाले, एवढाच आजचा प्रश्न आहे. संस्थानांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, राजे होते तोवर आपले म्हणून काही राज्य होते. दरबार होता, दसरा होता, गवई आणि मल्ल यांना आश्रय होता. दुसरे मत असे की, हे सारे राजे म्हणजे इंग्रजांनी मांडून ठेवलेली बाहुली होती. दोन्ही मतांत तथ्यांश आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. ती का अपुरी आहेत, हे आपल्या किनाऱ्याच्या इतिहासावरून चांगले समजते.

किनारा कसा गेला

प्रथम नकाशा डोळ्यांसमोर आणा. अठराव्या शतकाच्या मध्यास कोकण किनाऱ्यावर अनेक सत्ता होत्या. उत्तरेस जंजिऱ्याचा सिद्दी, कुलाब्यास व विजयदुर्गास आंग्रे, मालवणास कोल्हापूरकर छत्रपती, वेंगुर्ले व रेडीच्या बाजूस सावंतवाडीकर भोसले, आणि त्याखाली गोव्याचे पोर्तुगीज. या प्रत्येकाजवळ गलबते होती, बंदरे होती, आणि जकातीचे उत्पन्न होते. कोकणची जमीन कातळाची. तिचा सारा तो काय येणार? या राज्यांचे बळ जमिनीपेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून होते.

या किनाऱ्याची पहिली मोठी मोडतोड आपल्याच हातून झाली, हे मान्य केले पाहिजे. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर विकोपास गेले, तेव्हा पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. या मोहिमांच्या ओघात बाणकोट इंग्रजांकडे गेले आणि दक्षिण कोकणच्या भूमीवर कंपनीचे पाऊल कायमचे रोवले गेले. तुळाजीचा पाडाव झाला, पण त्याच्याबरोबर मराठ्यांचे समुद्रावरील बळही खचले.

पुढील घाव १८१२ मध्ये पडला. त्या वेळी कोल्हापूरचे राज्य चहूबाजूंनी अडचणीत होते. पेशव्यांच्या बाजूने चिकोडी-मनोळीच्या मुलखाचा तंटा चालू होता आणि शेजारी सरदारांचे हल्ले थांबत नव्हते. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने मध्यस्थी केली. चिकोडी-मनोळीवरचा हक्क कोल्हापूरने सोडला. पेशव्यांकडून आता उपद्रव होणार नाही, अशी हमी इंग्रजांनी दिली. त्या हमीची किंमत म्हणून त्यांनी मालवणचे बंदर घेतले, आणि त्याबरोबर सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे किल्ले घेतले. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला आणि ज्याच्या आत त्यांचे मंदिर आहे, तो सिंधुदुर्ग त्यांच्याच वंशजांच्या राज्यातून एका तहाने गेला. त्याच वर्षी सावंतवाडीकडून वेंगुर्ले घेण्यात आले.

दोन्ही ठिकाणी कारण एकच सांगितले गेले. या बंदरांतून चाचे निघतात आणि व्यापारी जहाजे लुटतात, असे ते कारण. लूट होत होती, यात शंका नाही. परंतु सागरी दस्तक देणे, दस्तक नसलेले जहाज पकडणे आणि जकात वसूल करणे हा त्या काळी किनाऱ्यावरील प्रत्येक सत्ता आपला हक्क समजत असे. इंग्रजही तेच करीत. ज्याचे आरमार मोठे त्याच्या कृतीस बंदोबस्त म्हणावयाचे आणि ज्याचे लहान त्याच्या कृतीस चाचेगिरी, असा तो व्यवहार होता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पेशव्यांचे किनाऱ्यावरील किल्ले इंग्रजांच्या हाती आले; पूर्णगड त्यांतलाच एक. १८१९ च्या फेब्रुवारीत इंग्रज फौजेने निवती आणि रेडीचा यशवंतगड घेतला, आणि सावंतवाडीशी नवा तह झाला. त्या तहाने कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची किनारपट्टी इंग्रजांची झाली. दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे ठाणे आधी बाणकोटास होते, ते १८२२ मध्ये रत्नागिरीस आले.

आता नकाशा पुन्हा पाहा. सावंतवाडीचे राज्य कायम आहे, पण ते सह्याद्री आणि इंग्रजी किनारपट्टी यांच्यामध्ये कोंडले गेले आहे. कोल्हापूरचे राज्य कायम आहे, पण ते घाटावर आहे. कुलाब्याच्या आंग्र्यांनी १८२२ मध्ये इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले आहे. जंजिऱ्याच्या नबाबाजवळ थोडासा किनारा उरला आहे. राजे राहिले, गाद्या राहिल्या; ज्यावर त्यांचे बळ होते ते पाणी मात्र गेले.

तह म्हणजे काय

किनारा हे आपल्या भागातले उदाहरण झाले. हिंदुस्थानभर तहांचे स्वरूप काय होते, हे थोडक्यात सांगतो. बटलर समितीने १९२९ मध्ये संस्थानांची संख्या ५६२ धरली. हैदराबादसारखे विस्तीर्ण राज्य तीत होते आणि चार-दोन गावांचे ठाणेदारही होते. एकूण भूमीपैकी सुमारे दोन-पंचमांश भूमी आणि लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा या संस्थानांत होता. प्रत्येकाचा तह वेगळा, पण मुख्य कलमे सारखी. परराज्याशी परस्पर बोलणे करावयाचे नाही; दुसऱ्या संस्थानिकाशी तंटा झाला तर तो इंग्रज तोडतील; फौज किती ठेवावयाची हे इंग्रजांच्या संमतीने ठरेल; आणि याच्या बदल्यात बाहेरच्या शत्रूपासून व घरच्या बंडापासून इंग्रज संरक्षण करतील.

यातले शेवटचे कलम वरवर पाहता राजाच्या हिताचे आहे. पण सर्वांत घातक तेच ठरले. पूर्वी जुलमी राजाला दोन धाक असत. शेजारी चालून येईल हा एक, आणि प्रजा व सरदार उठतील हा दुसरा. इंग्रजी फौज पाठीशी आली आणि दोन्ही धाक संपले. मद्रासकडचा इंग्रज अधिकारी टॉमस मन्रो याने १८१७ मध्येच गव्हर्नर-जनरलला लिहून कळविले होते की, तैनाती फौजेच्या या पद्धतीने राजे आळशी व जुलमी बनतात आणि मुलूख ओसाड होतो. जे घडणार ते इंग्रजांना ठाऊक होते. पुढे राज्य बिघडले की, राजा नालायक आहे म्हणून कारभार हाती घ्यावयाचा, हा क्रमही ठरून गेला. १८३८ मध्ये सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला, तो याच रीतीने.

१८४४ चे बंड

याचा प्रत्यय १८४४ मध्ये आला. कोल्हापूरचे बाबासाहेब महाराज अल्पवयी होते आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्याकडे होता. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यावर राहून त्याचे रक्षण करणारे लोक. त्याबद्दल त्यांना जमिनी असत. नव्या कारभाराने या जमिनींची व्यवस्था मामलेदारांच्या हाती दिली. गडकऱ्यांनी ओळखले की, आज जमीन मामलेदाराकडे गेली, उद्या गडही जाईल. सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, भुदरगड उठला, आणि पन्हाळ्यावर कर्नल ओव्हान्स नावाचा इंग्रज अधिकारी कैदेत पडला. सावंतवाडीत फोंड सावंतांच्या पक्षाने उठाव केला, आणि गादीचा वारस अनासाहेब हाही त्यात सामील झाला. वर्षअखेरीस पन्हाळा पडला, आणि १८४५ च्या आरंभी मनोहर व मनसंतोष हे गड घेण्यात आले. अनेक बंडवाल्यांनी गोव्याच्या हद्दीत आश्रय घेतला.

हे बंड कोणाविरुद्ध होते? नाव राजाचे होते, राज्यही राजाचे होते, पण गडकऱ्यांची लढाई राजाशी नव्हती. आणि त्यांना मोडले तेही राजाने नव्हे. पुढे बंड मोडण्याचा खर्च मात्र संस्थानांच्या माथी मारला गेला. किल्ल्यांचे तट पाडण्यात आले. विशाळगडही यातून सुटला नाही. प्रतिनिधींची गादी खाली मलकापुरास आली. समुद्र १८१२ ते १८१९ मध्ये गेला होता, आता डोंगरही गेला.

वारस कोण ठरविणार

यानंतरचा प्रश्न वारसाचा. राजाला औरस पुत्र नसेल तर दत्तक घ्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत. इंग्रजांचे म्हणणे असे पडले की, मांडलिक राज्यात दत्तकास आमची मंजुरी हवी. याचा आरंभ पुष्कळ जण डलहौसीपासून धरतात, पण कुलाब्याचे उदाहरण त्याच्या आधीचे आहे. रघुजी आंग्रे १८३८ मध्ये वारले. त्यांच्या मागे जन्मलेला पुत्र दुसऱ्याच वर्षी दगावला. दत्तकाची विनंती फेटाळण्यात आली आणि १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान संपले. ज्या कान्होजींच्या नावाने परदेशी जहाजे दचकत, त्यांच्या घराण्याची गादी एका कागदी निर्णयाने बंद झाली.

साताऱ्यास हेच झाले. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांच्या बाजूने रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये चौदा वर्षे दाद मागितली. महाराज १८४७ मध्ये काशीस वारले. पुढच्या वर्षी त्यांचे बंधू शहाजी वारले आणि सातारा खालसा झाला. मग नागपूर आणि झाशी यांची पाळी आली. परिणाम १८५७ मध्ये दिसला. कोल्हापुरातही त्या वर्षी ३१ जुलैला सत्ताविसावी पलटण उठली, आणि बाबासाहेबांचे बंधू चिमासाहेब यांना कराचीस नेऊन ठेवण्यात आले. ते परत आले नाहीत.

या अनुभवाने इंग्रज शहाणे झाले. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने मुलूख वाढविण्याचे धोरण सोडल्याचे सांगितले, आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. राजा काढून टाकण्यापेक्षा राजा ठेवणे अधिक सोयीचे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. हिंदुस्थानच्या बाहेरची गोष्ट वेगळी. १८८५ मध्ये ब्रह्मदेश जिंकला तेव्हा तेथील राजा थिबा याला गादीवरून काढून १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीस आणून ठेवले, आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याचा राजवाडा आपण नेहमी पाहतो. थिबाजवळ वाडा आणि तनखा होता, राज्य नव्हते. आपल्या संस्थानिकांजवळ राज्य होते. पण त्यातले त्यांचे स्वतःचे किती, हा प्रश्न उरतोच.

वहिवाटीचे राज्य

१८६२ नंतर मुलूख घेणे थांबले, मग सत्ता कशी वाढत गेली? ती वहिवाटीने वाढली. एकदा पोलिटिकल एजंटाने दिवाण नेमताना सल्ला दिला की, पुढच्या वेळी तो सल्ला हा हक्क होई. एकदा अल्पवयी राजाचा कारभार चालविला की, ती रीत होई. विल्यम ली-वॉर्नर नावाच्या अधिकाऱ्याने कोल्हापुरास पोलिटिकल एजंट म्हणून काम केले होते. त्याने १८९४ मध्ये संस्थानिकांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात हेच तत्त्व मांडले की, सार्वभौम सत्तेचे हक्क नुसत्या तहांत शोधावयाचे नसतात, ते वहिवाटीतही असतात. तहाला मर्यादा असते, वहिवाटीला नसते. पुढे बटलर समितीनेही या सत्तेची मर्यादा आखून देण्याचे नाकारले.

तोफांच्या सलामीचा थाट हा याच व्यवस्थेचा भाग. कोल्हापुरास १९ तोफा, जंजिऱ्यास ११, सावंतवाडीस ९. ज्यांच्या गडांवरच्या तोफा उतरविल्या, त्यांना मानाच्या तोफा मोजून दिल्या गेल्या.

वहिवाटीचे राज्य किती निष्ठुर होऊ शकते, हे कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या बाबतीत दिसले. राजाराम महाराज १८७० मध्ये परदेशप्रवासात इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. त्यानंतर दत्तक घेतलेले हे महाराज वेडे आहेत असे सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले. त्यांचा छळ होतो असा बोभाटा झाला. टिळक आणि आगरकर यांनी केसरी व मराठा या पत्रांतून दिवाण बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढल्या वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अहमदनगरास अंत झाला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा पहिला तुरुंगवास एका संस्थानिकाच्या कैवारासाठी घडला, हे आपण लक्षात ठेवावे.

उरलेल्या जागेत काय केले

मग सगळे राजे बाहुली होते का? तसे म्हणता येत नाही. युद्ध, परराष्ट्रव्यवहार, बंदरे, आगगाडी, टपाल या गोष्टी हातून गेल्या होत्या. शाळा, पाटबंधारे, नोकऱ्या, देवस्थाने, बाजारपेठा या उरल्या होत्या. त्या उरलेल्या जागेत कोणी काय केले, यावर त्याची परीक्षा केली पाहिजे. शाहू महाराज १८९४ मध्ये अधिकारावर आले. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि राधानगरीच्या धरणाचा संकल्प सोडला. खालसा मुलखात एवढे करण्याची इंग्रज सरकारची तयारी नव्हती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपला अधिकार कायद्याने प्रजेच्या हाती दिला. ही उदाहरणे थोडी आहेत, पण ती खरी आहेत.

पण हे सर्व राजाच्या मर्जीवर होते, आणि येथेच प्रजेचे दुःख होते. खालसातला माणूस कायदे-कौन्सिलात, वर्तमानपत्रांत, काँग्रेसमध्ये गाऱ्हाणे मांडू शकत असे. संस्थानातल्या रयतेने राजाकडे तक्रार केली तर तो एजंटाकडे बोट दाखवी, आणि एजंटाकडे गेले तर तो सांगे की हा राजाचा अंतर्गत कारभार आहे. या दोन दरवाजांमधून बाहेर पडण्यासाठी प्रजापरिषदा उभ्या राहिल्या. कोल्हापुरात १९३९ मध्ये माधवराव बागल यांच्या पुढाकाराने प्रजापरिषद स्थापन झाली, ती याच कोंडीतून.

ज्या थोड्या संस्थानांत बंदरे राहिली होती, तेथेही समुद्र पूर्णपणे त्यांचा नव्हता. काठेवाडच्या राजांजवळ किनारा होता, तेव्हा त्यांच्या मालावर विरमगाम येथे जकातीचे नाके बसविण्यात आले. प्रवाशांच्या त्या छळाविरुद्ध १९१५ मध्ये गांधीजींनी आवाज उठविला आणि १९१७ मध्ये ते नाके उठले. जंजिऱ्याच्या नबाबाजवळ किनारा होता, तेव्हा १८७० च्या सुमारास त्याचे फौजदारी अधिकार काढून तेथे इंग्रज अधिकारी बसविण्यात आला.

शेवट

१९४७ च्या कायद्याने इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपली. कागदोपत्री पाहता प्रत्येक संस्थानिक मोकळा झाला होता. पण शंभरावर वर्षे ज्यांच्याजवळ ना समुद्र ना डोंगर ना स्वतःचे सैन्य, त्यांना मोकळे होऊन उभे राहण्यास पाय उरले नव्हते. आणि प्रजेला तर ते नकोच होते. दक्षिणेतली बहुतेक संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात आली आणि १९८१ पासून ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले. १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. एवढी राज्ये थोड्या काळात मिटली, याचे आपल्याला नवल वाटते. परंतु त्यांचे मिटणे १८१२ मध्येच सुरू झाले होते. १९४८ मध्ये त्याची नोंद झाली, इतकेच.

तेव्हा संस्थानिकांची आठवण काढताना आपण दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. त्यांच्या हातून काय काढून घेतले होते, हा एक; आणि उरले त्याचे त्यांनी काय केले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ध्यानी घेतले की निंदा सौम्य होते, आणि दुसऱ्याचे ध्यानी घेतले की स्तुतीही मोजून करावी लागते. आणखी एक धडा आपल्या आजच्या व्यवहारातही उपयोगी आहे. कोणी मान देऊ लागला, खुर्ची देऊ लागला, तर त्या बदल्यात तो आपल्याकडून काय मागतो आहे, इकडे नजर असावी. गावच्या सहकारी सोसायटीपासून देशाच्या करारापर्यंत हा नियम सारखाच लागू आहे.

पूर्णगडास गेलात तर गडाची एक फेरी थोड्या वेळात होते, गड लहानच आहे. समुद्राकडच्या तटात एक दरवाजा आहे. त्या दरवाजात उभे राहून एकदा खाडीच्या मुखाकडे पाहा, आणि मग वळून पूर्वेला सह्याद्रीकडे पाहा. ज्या पाण्यासाठी एवढे तह झाले ते समोर आहे, आणि ज्यांनी ते तह केले त्यांची राज्ये पाठीशी होती. आज उगमापासून मुखापर्यंत ही नदी एकाच राज्यातून वाहते. ते राज्य आपल्या मतावर चालते, म्हणून उरलेल्या जागेचे काय केले, हा प्रश्न यापुढे आपल्यालाच विचारला जाणार आहे.